टॉर्किलने मंगळवारी किल्ट नेसला

या, जरा पुढे सरकून बसा, मागच्यांनाही जागा होईल. देवाचं नाव घेऊनच सांगते; पण गोष्ट थोडी वात्रट आहे. देवालाही अधूनमधून अशी लागते.

स्कॉटलंडमधल्या स्काय बेटावरच्या आमच्या गावात टॉर्किल मॅकअ‍ॅस्किल म्हणून साठीला टेकलेला एक ब्रह्मचारी होता. चर्चमध्ये स्तोत्र सांगायचा. तो एक ओळ एकट्याने गायचा आणि मग सगळी सभा ती उचलायची, बुवांच्या मागे टाळकरी उचलतात तशी. आवाज असा की बाहेरची मेंढरंसुद्धा चरायची थांबत. पण हाच गळा मासळीवाल्या मार्सलीपुढे गेला की बसायचा. सहा वर्षं तो तिला लग्नाचं विचारायला दुकानात शिरत होता आणि हॅडॉक मासा घेऊन बाहेर पडत होता.

एका मंगळवारी त्याने कपाट उघडलं, तर ठेवणीतल्या किल्टला, आमच्याकडच्या पुरुषांच्या त्या गुडघ्यापर्यंतच्या लोकरी घागऱ्याला, कसर लागलेली. लग्नाखेरीज तो कधी नेसायचा नाही, आणि गावात लग्नं होतात किती? आजोबांच्या वेळची जाडजूड लोकर, आणि नेसतंय कोण, तर कसर. "त्यापेक्षा मीच नेसतो की," असं म्हणून टॉर्किल किल्ट नेसून पाव आणायला निघाला.

"कुणाचं लग्न रे?" बेकरीवाल्या हेक्टरने विचारलं.

"कुणाचं नाही. पाव दे."

"मग कोण गेलं?"

"कुणी गेलं नाही. पाव दे, हेक्टर."

बाहेर बसच्या ड्रायव्हरने गाडी हळू करून तेच विचारलं. मागच्या खिडकीतून एका पाहुण्या बाईने आत काय घातलंय म्हणून चौकशी केली.

"बाई, ते मी आमच्या पाद्र्यालाही सांगितलेलं नाही," टॉर्किल म्हणाला. तेवढ्यात समुद्रावरून वारा सुटला. एका हातात पाव आणि दुसऱ्या हातात अब्रू धरून तो रस्त्याच्या कडेला उभा राहिला.

टपालवाली शोना आली. "अय्या, टॉर्किलकाका. कुणाचं लग्न?"

आता मात्र त्याच्या जिभेला खाज सुटली. "माझं," तो म्हणाला.

झालं. टपालापेक्षा ही बातमी लवकर पोचली. नवरी कोण, तेही हेक्टरने ठरवून टाकलं. तिकडे शहरातली, इन्व्हरनेसची, दातांच्या डॉक्टरकडे बसते ती. "नाहीतर हा सारखा तिकडे कशाला जातो? एवढे दात आहेत तरी कुठे त्याला?"

टॉर्किल मासळीच्या दुकानात पोचला तेव्हा मार्सली सुरी पुसत होती.

"या," ती म्हणाली. "दोघांपुरता देऊ का, आजपासून?"

इतक्या वर्षांत तिने त्याला कधी अहो-जाहो केलं नव्हतं.

"थट्टा केली ग. सगळे तेच तेच विचारत होते."

"म्हणजे खोटं बोललास."

"एकच शब्द."

"स्तोत्र सांगणारं तोंड आहे तुझं. आणि त्या एका शब्दापायी सकाळपासून माझे तीन मासे वाकडे कापून झालेत."

टॉर्किलने त्या वाकड्या तुकड्यांकडे पाहिलं आणि त्याला धीर आला. "मार्सली, मला मासे आवडत नाहीत."

"काय?"

"वाससुद्धा सहन होत नाही. शेजारचं मांजर खातं सगळे. मी येतो ते तुला विचारायला."

"काय विचारायला?"

गळा बसला. "अर्धा किलो दे," तो म्हणाला.

तिने मासा बांधून दिला. "रविवारी सगळ्यांसमोर सांग, खोटं बोललो म्हणून. तोवर या दुकानाची पायरी चढू नकोस."

रविवारी टॉर्किल किल्ट नेसूनच स्तोत्र सांगायला उभा राहिला. "मंगळवारी मी खोटं बोललो," तो म्हणाला. "माझं लग्न ठरलेलं नाही. ठरावं असं फार वाटतं. पण जिला विचारायचं, तिच्यासमोर मला फक्त मासे मागता येतात."

सगळ्या माना मार्सलीकडे वळल्या. टॉर्किलने ओळ सांगायला तोंड उघडलं, आणि आवाज फुटेना. पुन्हा उघडलं. नाहीच. पाद्री पुस्तकात बघत बसले. आता या गावात आपण परत गाणार नाही, असं त्याला वाटून गेलं.

आमच्याकडे बाईने ओळ सांगायची रीत नाही. तरी मार्सली बाकावरून उठली आणि तिने ती ओळ सांगितली. सूर जरा खालीच लागला, पण पुरी सांगितली. मग हेक्टरने ती उचलली, आणि मागोमाग सगळ्या सभेने. ओळ संपली तेव्हा मार्सली टॉर्किलकडे बघत थांबली. दुसरी तिने सांगितली नाही. ती त्याच्यासाठी ठेवली होती, आणि त्याच्या गळ्यातून ती आली.

तर मंडळी, कधी कीर्तनात बुवांचा कंठ दाटला आणि मागच्या रांगेतल्या कुणा बाईने, बेसूर का होईना, पद उचलून धरलं, तर आमच्या मार्सलीची आठवण ठेवा.