साहेबांचे नाव सोडून

मित्रांनो, मी एक जुना पहारेकरी आहे. पण माझ्याकडे ना काठी, ना शिट्टी. रक्तपेढीच्या मागच्या थंड खोलीत एक सर्व्हर दिवसभर घुमत असतो. त्याच्या पोटात माझी चौकी आहे.

पेढीतल्या प्रत्येक पिशवीची नोंद या सर्व्हरमध्ये असते. कोणी नोंद बदलायला घेतली, की तिला कुलूप लागते. बदल पक्का केला किंवा रद्द केला, की ते निघते. तोवर बाकीच्यांनी थांबायचे. कोण आत आले, कोणी काय अर्धवट उघडे ठेवले, हे टिपणे आणि कोणी विचारले की पडद्यावर दाखवणे माझे काम. त्यामुळे स्वभावच संशयी झाला. कोणी काम उघडे टाकून चहाला उठले, की माझ्या मनात पाल चुकचुकते.

माझ्याहून संशयी एकच, आमचे संगणकसाहेब. त्यांना सगळे पाठीमागे 'दुर्बीण' म्हणत. "इथे खरं बोलणारा हा एकटाच," असे ते माझे कौतुक करत. पुढे सारे सुरळीत चालू लागले आणि माझ्याकडे कोणी फिरकेना.

एका दुपारी काउंटरवरच्या मावशींच्या पडद्यावर चकती नुसती गरगरत राहिली. समोर सिस्टर बर्फाची पेटी घेऊन उभी.

"मावशी, बाळंतीण आहे हो. रक्त थांबत नाहीये."

"अगं, पिशवी दिसतेय मला, पण नोंद होईना. नोंदीशिवाय दिली आणि भलतीच गेली तर?"

दुर्बीण धावत आले. त्यांनी मला विचारले, "माझं नाव सोडून, कोणी काय उघडं ठेवलंय?" ते नेहमी असेच विचारत. विचारले तेवढे मी दाखवले.

"तपासणीवाल्या ताई! वाटलंच मला." त्यांनी ताईंचे काम मध्येच तोडले.

ताई आतून ओरडल्या, "अहो, रक्त जुळवून भरलेलं सगळं गेलं! मी स्वतःच खोळंबले होते!"

"सगळे असंच म्हणतात." मग त्यांनी कोठारवाल्याचे काम तोडले. शेवटी मावशींचेही.

"घ्या, आता खुर्चीही काढून घ्या," मावशी म्हणाल्या.

माझा पडदा रिकामा झाला. कुलूप मात्र तसेच.

"साहेब," सिस्टरने विचारले, "आता उरलं कोण?"

दुर्बिणींनी 'माझं नाव सोडून' एवढे शब्द पुसले आणि पुन्हा विचारले. मी एकच ओळ दाखवली. जेवायला उठण्याआधी त्यांनी स्वतःच सगळ्या पिशव्यांच्या कप्प्यांचे क्रमांक बदलायला घेतले होते आणि ते पक्के करायचे विसरले होते.

त्यांनी बदल पक्का केला. कुलूप निघाले. ताईंनी घाईघाईने पुन्हा सगळे भरले, मावशींनी पिशवी पेटीत ठेवली आणि सिस्टर पळाली. संध्याकाळी तिचा फोन आला, बाळंतिणीने बाळाला जवळ घेतले होते. दुर्बिणींनी ताईंना स्वतः चहा नेऊन दिला. "साखरेच्या डब्याचं झाकण तरी लावलंत का?" मावशींनी विचारले.

मित्रांनो, जे उघडाल ते मिटून उठा. आणि कोणावर संशय घ्याल, तेव्हा मला स्वतःचे नाव सोडून विचारू नका. दुर्बीण आता आधी स्वतःचेच नाव बघतात. माझा स्वभाव मात्र जात नाही. आज सकाळी त्यांनी एक काम उघडले आहे, आणि ते आत्ताच खुर्चीवरून उठले.