पंख्याच्या वाऱ्यात जवळा

रात्रपाळी संपवून बोईसरहून घिवलीला पोहोचेपर्यंत प्रदीप पागधरेच्या डोळ्यांत वाळू खुपत असल्यासारखे होत होते. औद्योगिक वसाहतीतल्या एका रसायन कारखान्याच्या प्रयोगशाळेत त्याने रात्रभर नमुने तपासले होते आणि अंथरुणाखेरीज कशाचीही त्याला ओढ नव्हती. पण पहाटे पुतणीचा फोन आला होता.

"काका, लॅपटॉप परत बंद पडला. आज सहाच्या आत नाय पाठवलं तं सगळं गेलं."

'सगळं' म्हणजे काय, हे प्रदीपला ठाऊक होते. मुंबईतल्या एका ॲनिमेशन कंपनीने प्रतीक्षाला नोकरीसाठी एक चाचणी दिली होती: आपल्या गावातली सकाळ दाखवणारे छोटेसे चलचित्र. ते पसंत पडले तर घरी बसून काम मिळणार होते. मुदत चुकली, तर सोमवारपासून औषधांच्या कारखान्यात पॅकिंगच्या पट्ट्यासमोर उभे राहणे ठरलेलेच होते. तिथे ती एक वर्ष उभी राहिली होती आणि त्या वर्षाविषयी घरात कुणापाशी बोलत नसे.

स्टेशनजवळच्या दुकानातून त्याने चिपची उष्णता ओढून घेणाऱ्या पेस्टची एक नळी घेतली. दुकानदाराने लक्षणे ऐकूनच निकाल दिला, "कार्ड गया, साहब." यंत्र न उघडता निदान करणाऱ्यांवर प्रदीपचा विश्वास नव्हता, मग ते दुकानदार असोत की डॉक्टर.

घरात वहिनी, हंसा, सुका जवळा गोणीत भरत होती. भाऊ बोटीवर गेला होता.

"आलात भावजी? बसा, चा टाकते. त्या मशीनला रोज ताप येतो बघा. अनुवीज सेंटरच्या बाजूची लाइट हाय ना आपली, कडकच असनार."

"वीज कुठूनही आली तरी तापट नसते, वहिनी," प्रदीप म्हणाला. "चहा नंतर."

लॅपटॉप खेळांसाठी बनवलेला, कुणीतरी वापरून विकलेला होता. झाकणावरच्या ड्रॅगनचा एक डोळा खरवडला गेला होता. चित्रे रंगवण्याचा सगळा भार त्यातल्या ग्राफिक्स कार्डावर असे. काम सुरू केले की ते तापत जाई, आधी आपला वेग कमी करी आणि अखेर यंत्रच बंद पाडी. प्रदीपने ते पालथे केले, तळाचे स्क्रू काढले, बॅटरीची जोडणी सोडवली आणि थांबला.

तांब्याच्या नळ्यांच्या टोकाला, जिथून गरम हवा बाहेर पडायची, त्या बारीक जाळीत नमद्यासारखा थर घट्ट बसला होता. तपकिरी-गुलाबी, किंचित दमट. त्याने चिमट्याने एक तुकडा उचलून खिडकीपाशी धरला. त्यात असंख्य काळे ठिपके होते. ते डोळे आहेत असा त्याचा कयास होता. वासाने त्यावर शिक्कामोर्तब केले.

"वहिनी, जवळा पाखडता कुठे?"

"हितंच, फॅनपुढं. सुपातनं सोडला की टरफलं उडतात, जवळा खाली पडतो. पलीकडं ही मशीन घेऊन बसते, तिलाबी हवा लागते." मग तिने भरवशाने जोडले, "तुमीच तं फोनवर बोल्लात, हवा खेळती ठेवा, फॅन लावा."

सल्ला बिनचूक होता. त्या हवेत काय काय आहे, एवढेच प्रदीपने विचारले नव्हते.

"आये!" प्रतीक्षा उठलीच. "आठ दिस तू माज्या मशीनला जवळा चारतेस?"

"मला काय ठाव ते खातं म्हनून? मांजर असतं तं म्याव तरी केलं असतं!"

प्रदीपने दोघींकडे लक्ष दिले नाही. रंगाच्या ब्रशने त्याने जाळी मोकळी केली, चिपवरची खडूसारखी वाळलेली जुनी पेस्ट पुसली, नवी लावली. तळ बसवून यंत्र चालू केले. तापमानाचा आकडा चढला, पण पूर्वीपेक्षा बराच खाली स्थिरावला. प्रतीक्षाने श्वास सोडला. पुढे चित्रात समुद्र आला आणि आकडा पुन्हा चढू लागला. आतला पंखा कुरकुरत होता. खाऱ्या दमटपणाने त्याचा आस गंजून अडखळत होता. पडदा काळा झाला.

दुसऱ्या खेपेस प्रदीपने कार्डाच्या वीजवापरावर मर्यादा घातली. यंत्र टिकले, पण गोगलगाईसारखे चालले. त्याने हिशेब मांडला.

"या गतीने उद्या दुपार होईल."

"मग मर्यादा काढा."

"काढली तर पुन्हा बंद पडेल, कदाचित कायमचे. सगळ्यात जास्त वेळ कशाला लागतो?"

"पान्याला. लाटा, फेस, त्यावरचं ऊन."

"मग पाणी काढ."

हे तो प्रयोगातला एखादा घटक वगळावा तसे म्हणाला. प्रतीक्षाने त्याच्याकडे असे पाहिले की त्याने चष्मा पुसायला घेतला.

"घिवलीची सकाळ, आनि पानी काढू? राह्यलं काय मग, काका? ड्रॅगन?"

ती तरातरा दारात जाऊन उभी राहिली. बाहेर समुद्र काळ्या खडकांपलीकडे मागे हटला होता आणि किनाऱ्यालगतच्या होड्या चिखलात कुशीवर कलंडल्या होत्या. ती बराच वेळ पाहत राहिली. मग परत येऊन बसली. तिने लाटा पुसल्या, फेस पुसला. तरंगणाऱ्या होड्या एकेक करून कलंडवल्या, त्यांतल्या एकीवर जाळे ओढणाऱ्या बापाला खाली उतरवले, नांगराचे दोर चिखलावर सैल सोडले, ओल्या चिखलात पावलांचे ठसे उमटवले. समुद्राची क्षितिजाशी फक्त एक रेघ राहिली. अशा दृश्याला यंत्राचे बळ पुरत होते.

दिवसभर घरातला पंखा एकट्या लॅपटॉपकडे तोंड करून फिरत राहिला. हंसा गोण्या घेऊन अंगणात गेली. सोमवारच्या बाजारासाठी जवळा पाखडायलाच हवा होता आणि वारा पडलेला होता. भरलेले सूप धरून ती वाऱ्याची वाट पाहत उभी राही, झुळूक आली की चार मुठी सोडी, पुन्हा थांबे. प्रदीप भिंतीला टेकून आकड्यावर नजर ठेवून होता. दोनदा त्याची मान खाली गेली. दोन्ही वेळा आकडा फारसा हलला नव्हता.

सहाला थोडा वेळ असताना काम फोनच्या नेटवरून रवाना झाले आणि ते पोहोचल्याचा कोरडा संदेश आला. पसंतीचे उत्तर आठवड्याने कळणार होते. हात पुसत हंसा पडद्यासमोर वाकली.

"पानी कुठं गेलं?"

"ओहोटी हाय, आये."

"आनि तुझा बापूस?"

"त्या होडीमागं, सावलीत. निजलाय."

"निजू दे," हंसा म्हणाली. "कवा निजतो तो?" आणि सूप उचलून दाराकडे वळली.

प्रतीक्षाने लॅपटॉप बंद केला, चादरीत गुंडाळून फळीवर ठेवला. मग पंख्याचे तोंड फिरवून तिने हाक मारली, "ये आत. घे फॅन. अन् बस तू, मी पाखडते."

प्रदीप कधीच जमिनीवर आडवा झाला होता. टरफले उडून त्याच्या अंगावर येऊ लागली. त्याने चष्मा काढून खिशात ठेवला आणि कूस वळवली.