सळयांखालचा खांब

"सळया गंजू देऊ नकोस, पोरी. त्या माझ्या नातवाच्या आहेत."

सासरे हे म्हणाले तेव्हा रिफअत माझ्या पोटात होता. इजिप्तमधल्या टांटा शहरात, आमच्या गल्लीत प्रत्येक गच्चीवर खांबांच्या सळया अशा आभाळाकडे तोंड करून उभ्या असतात. मुलगा मोठा झाला की त्यांच्यावर त्याचा मजला चढतो आणि सून घरात येते. सासऱ्यांनी तळमजला धाकट्या दिराला, सुबहीला दिला, वरचा आम्हाला, आणि सळया नातवाला. ते अल्लाला प्यारे झाल्यापासून दर शुक्रवारी पहाटेचा फजरचा नमाज झाला की मी गच्चीवर जाते आणि ओठांत जप चालू ठेवून सळयांवरून तेलाचं फडकं फिरवते.

यंदा रिफअतचं लग्न हयामशी ठरलं. बकरी ईदनंतरचा मुहूर्त. तिची आई, उम्म गालिब, म्हणजे गालिबची आई, स्पष्ट बोलणारी बाई. "माझी लेक भाड्याच्या घरात जाणार नाही, उम्म रिफअत. मजला झाला तर लग्न."

मी तिचा हात धरला. "मजल्याची जी बातमी असेल, बरी नाहीतर वाईट, ती मी स्वतः येऊन सांगेन. दुसऱ्या कुणाच्या तोंडून तुमच्या कानावर येणार नाही."

काम सुरू करायचं ठरलं त्या दिवशी हयाम आमच्याकडे चहाला आली होती. तिने हळूच विषय काढला, "काका, आधी एखाद्या आर्किटेक्टला दाखवू या का?"

माझे यजमान मोठ्याने हसले. "अगं, घर कसं हवं ते ज्यांना ठाऊक नसतं त्यांना आर्किटेक्ट लागतो. आपल्याकडे खांब तयार आहेत. वर खांब चढवायचे, त्यावर स्लॅब. यात विचारायचं काय?"

मुख्य गवंडी उस्ता बहगत चहात साखर ढवळत म्हणाला, "ते लोक कागदावर रेघ ओढतात आणि ती पुसायचे वेगळे पैसे घेतात!"

"निदान बाल्कनीसाठी तरी," रिफअत म्हणाला.

"बोलावू की. रंगाच्या वेळी," यजमान म्हणाले.

हयामचा चहा तसाच राहिला. तेवढ्यासाठी यजमान थोडे नमले आणि रंगाआधीच आर्किटेक्टला बोलवायला तयार झाले. आर्किटेक्ट आली तोवर विटा, वाळू, सिमेंट सगळं गच्चीवर चढलं होतं.

लमिआ तिचं नाव. सगळे तिला बाशमुहंदिसा, म्हणजे इंजिनीयरबाई, म्हणत होते. तो गुरुवार होता, दर गुरुवारसारखा मला रोजा होता. ती गच्चीवर आली, पण बाल्कनीच्या बाजूला फिरकलीच नाही. सळयांपाशी थांबली.

"या इतक्या चांगल्या कशा राहिल्या?"

"तेल लावते," मी म्हटलं. खरं सांगते, मनातून सुखावले.

तिने गच्चीच्या मधल्या सळयांवर तळहात ठेवला. "याच्याखालचा खांब दाखवा."

आमच्या मजल्यावर तो स्वयंपाकघराच्या दाराशी आहे. रोज त्याला पाठ टेकून मी मुलुखियाच्या भाजीची पानं निवडते. तिने तो पाहिला, टकटक केलं आणि म्हणाली, "आता याच्या खालचा."

"बाशमुहंदिसा, मजला वर चढवायचाय, खाली नाही!" यजमान म्हणाले.

"हाजी, वरचं सगळं खालीच येऊन टेकतं."

आम्ही तळमजल्यावर उतरलो तशी सुबहीची बायको तहिय्या गडबडली. दिवाणखान्यातल्या सोनेरी खुर्च्यांवरच्या चादरी भराभर ओढून काढू लागली. आम्ही उमऱ्यासाठी मक्केला गेलो होतो तेव्हा सुबहीने मधली भिंत पाडून हा दिवाणखाना मोठा केला होता. तिथेच त्याच्या मुलीची मेंदी झाली. टाळ्या वाजवत मीही म्हटलं होतं, एवढी मोठी खोली अख्ख्या गल्लीत नाही.

लमिआ बरोबर मध्यभागी उभी राहिली. वर बघितलं, मग खाली.

"इथला खांब कुठे आहे?"

तहिय्याने नवऱ्याकडे पाहिलं.

"तो भिंतीतच होता," सुबही म्हणाला. "भिंत गेली तरी हा मेला मध्येच उभा. पाहुण्यांना नवरा-नवरी दिसले नसते. बाहेरगावचे मजूर आणले होते, ते म्हणाले, लोखंडी गर्डर टाकतो, काही होत नाही."

"खांब काढलास?" यजमान पुढे झाले. "सुबही, खांब?"

बहगतचा चेहरा चुन्यासारखा पांढरा पडला. "शनिवारी मी वर काँक्रीट ओतणार होतो," तो म्हणाला. "घरचंच घर म्हणून खाली डोकावलोसुद्धा नाही."

लमिआने खुर्चीवर चढून छताची नक्षी किल्लीने खरवडली. जिप्समचा पापुद्रा गालिच्यावर पडला. आत बीमला भेग होती. तिचं बोट सहज आत गेलं.

ज्या खांबाला मी इतकी वर्षं पाठ टेकत होते, त्याच्याखाली काही नव्हतं. आणि मी शेंड्याला तेल लावत होते.

"वरच्या विटा आत्ताच्या आत्ता उतरवा," लमिआ म्हणाली. "टेकू लागेपर्यंत या घरात कुणी झोपायचं नाही."

"आणि मजला?" रिफअतने विचारलं.

"आधी पायापासून नवा खांब. मग बीम. त्यानंतर तपासून सांगेन. ईदनंतर तर नाहीच. पुढच्या वर्षीचंही वचन देत नाही."

पाहुण्यांशिवाय कुणी बसत नसे त्या सोनेरी खुर्चीत यजमान मटकन बसले. "रंगाच्या वेळी बोलावणार होतो मी हिला," ते पुटपुटले.

विटा उतरू लागल्या. रिफअत, बहगत, सुबही, सगळे एका रांगेत उभे राहिले. एकमेकांकडे न बघता वीट हातातून हातात जात होती. समोरच्या खिडकीतून शेजारीण ओरडली, "अगं बाई, चढवलेल्या विटा उतरवताय? लग्न मोडलं की काय?"

संध्याकाळची मगरिबची अजान झाली. मी पायरीवर बसून एक खजूर तोंडात टाकला, पाणी प्याले आणि तिथेच नमाज पढले. मग घरातून रुमाल आणला आणि डोक्यावर नीट बांधू लागले.

"कुठे निघालीस?" यजमान जवळ आले. "उम्म गालिबकडे? आज नको. दोन दिवस थांब, काहीतरी मार्ग काढू. आज सांगितलंस तर ती नाही म्हणेल."

"म्हणेल कदाचित."

"मग?"

रिफअत वीट हातात धरून माझ्याकडे बघत होता. त्याने मला अडवलं नाही.

"तिला शब्द दिलाय. तुम्ही विटा सावकाश उतरवा," मी म्हटलं, आणि चपला पायात सरकवून गल्लीत उतरले.