शेवंतीच्या दारावरचा १०८९

१९८८ सालच्या एका रविवारी सकाळी कोपरीच्या कोळीवाड्यात देवराम बुवाभोवती शंभरेक माणसं दाटली होती. आठवड्यात जुलाब-उलट्यांनी दोन पोरं गेली होती. त्यातली एक गोमाजीची सहा वर्षांची सगुणा. करणी कुणाची, ते बुवा आकड्यातून काढून देणार होता.

"तीन अंकी आकडा धर," बुवा गोमाजीला म्हणाला. "पहिला अंक शेवटच्यापेक्षा दोनाने तरी मोठा हवा. देवीला तसाच लागतो."

देवीला वजाबाकी कधीपासून आवडायला लागली, हे कुणी विचारलं नाही. गोमाजीने कोळशाने भिंतीवर ७५२ लिहिले. त्यातून उलटे २५७ वजा केले, आले ४९५. त्यात ४९५ चे उलटे ५९४ मिळवले. १०८९. शेजारच्या नाथाने ८३१ धरला होता. त्याचेही १०८९.

गर्दी भिंतीकडे सरकली.

"तेहतीस कोटी देव," बुवा डोळे फिरवत म्हणाला. "तेहतीस गुणिले तेहतीस, हाच आकडा. नवग्रहांच्या नवाने गुणा, ९८०१. आकडा उलटा फिरतो, म्हणजे उलटी करणी. कुणाच्या दारावर आहे बघा."

मलेरियाच्या फवारणीवाल्यांनी घरं मोजताना गेरूने घातलेला तो नंबर शेवंतीच्या दारावर होता. मासळी विकून एकटी राहणारी विधवा.

दार लाथांनी मोडलं. केस धरून तिला ओट्यावर आणलं. "गोमाजी, तुझ्या पोरीला मी अंगाखांद्यावर खेळवलंय रे," ती म्हणाली. त्याने वल्हं उचललं आणि तिच्या उजव्या हातावर घातलं. हाड मोडल्याचा आवाज त्याला स्पष्ट ऐकू आला. त्याने पुन्हा घातलं. मागून दगड आले.

पालिकेच्या शाळेतल्या कलावतीबाई शेवंतीच्या अंगावर आडव्या पडल्या. एका दगडाने त्यांचं कपाळ फुटलं. रक्त पुसत त्या म्हणाल्या, "गोमाजी, मला नंतर मार. आधी दुसरा आकडा धर. या वेळी देवीला विचार, कोपरीतली सर्वांत भली बाई कोण."

त्याने धापा टाकत ९४१ मांडले. १०८९.

"आता विचार, बुवाची आई कोण."

६२० धरले. १०८९.

"वजाबाकीत मधला अंक नऊच येतो आणि कडेचे दोन मिळून नऊ," बाई म्हणाल्या. "उलटून मिळवलं की एककाला नऊ, दशकाला अठरा, शतकाला हातच्यासकट दहा. दुसरं काही येऊच शकत नाही. बुवाने आधी दार शोधलं, मग देवी आणली. हा नंबर तुझ्या दारावर असता, तर वल्हं कुणावर पडलं असतं? पोरं पाण्याने गेली. नळाचा पाइप गटारात फुटलाय, जाऊन बघ."

वल्हं गोमाजीच्या हातातून गळालं. बुवा सटकू लागला तसे लोक त्याच्यावर धावले. दोन दात पडले, तेव्हा बाईंनी त्यालाही सोडवलं. "पुरे. पोलीस बोलवा."

गोमाजी स्वतःच चौकीत गेला. शेवंतीचा हात पुन्हा मासळीची पाटी उचलण्याजोगा झाला नाही, आणि तिने त्याला माफही केलं नाही.

"बाईने तुझं काय वाईट केलं होतं?" कोर्टात न्यायाधीशांनी त्याला विचारलं.

"काही नाही, साहेब. आकडा आला होता."

१०८९ हा देखणा आकडा आहे. पूर्ण वर्ग आहे, नवाने गुणला की उलटा होतो. पण ते गुण गणिताचे. त्याला कुणाचं घर ठाऊक नसतं. आकडा दाखवून कुणी माणसाकडे बोट केलं, तर हात उचलण्याआधी तेच गणित दुसरा आकडा घेऊन करून बघा.