आत्याबाईंची शिंक

आत्याबाई शिंकल्या की सगळ्या गल्लीला कळायचं. आधी नाकात बारीक शिट्टी वाजायची, मग क्षणभर तोंड नुसतंच उघडं, आणि मग दुकानाचं शटर एका झटक्यात खाली ओढावं तसा धडाका. त्यामागून छातीत सूं सूं सुरू व्हायचं, ते चहा गार होईपर्यंत चालायचं. हे सगळं मांजरांपायी. आणि मांजरं नवऱ्यापायी.

नवरा कुलपं दुरुस्त करणारा. गल्ली त्यांना किल्लीवाले म्हणे. खाली गाळा, वर दोन खोल्या. आत्याबाई लग्न होऊन आल्या तेव्हा गाळ्यात उंदीर फार. म्हणून किल्लीवाल्यांनी एक मांजरी आणली. उंदीर संपले, मांजरी राहिली, तिची पिल्लं राहिली, पिल्लांची पिल्लं राहिली. आत्याबाईंनी पहिल्याच वर्षी बजावलं होतं की या घरात एक तर हे केसाळ खटलं राहील, नाही तर मी. किल्लीवाले हातातली कानस खाली न ठेवता म्हणाले, "बरं." कोण राहणार ते काही बोलले नाहीत. आता एवढ्याशा जनावरापुढे हार खाऊन माहेरची वाट धरायची, तर मग आत्याबाई कसल्या? राहिल्या. शिंकत राहिल्या.

डॉक्टर म्हणाले, तुम्हाला मांजराचं वावडं आहे. वावडं तर मला नवऱ्याचंही आहे, त्याला काय औषध देता, असं आत्याबाईंनी विचारलं. डॉक्टर हसले आणि तोंडात मारायचा पंप लिहून दिला.

किल्लीवाले मुलखाचे अबोल. कुलूप आलं की ते आधी कानाशी धरायचे. कुलपाच्या तोंडाकडे काय बघायचं, आत काय वाजतंय ते ऐकावं, एवढं एकच शहाणपण त्यांच्यापाशी होतं, आणि ते दर गिऱ्हाइकाला फुकट मिळे. मांजरांशी मात्र तोंड भरून बोलत. बायकोला काही सांगायचं झालं तरी मांजरामार्फत. काजळे, विचार बरं तिला, चहा होणार आहे का. आत्याबाईही उत्तर काजळीलाच देत, आणि त्या उत्तरात नवऱ्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करून घेत. संसार असा झाला. वाईट नाही झाला.

मग किल्लीवाल्यांचं डोकं रिकामं होऊ लागलं. आधी गिऱ्हाइकांच्या कुलपांची अदलाबदल झाली, मग गाळा बंद केला, मग डोक्यातून एकेक माणूस गेलं. पोटची लेक भेटायला आली, तिला म्हणाले, "किल्ली उद्या मिळेल." समोरची इस्त्रीवाली विचारपूस करायला आली, तिलाही तेच. एकदा आरशातल्या म्हाताऱ्यालाही तेच सांगितलं. ओळखू येत त्या फक्त आत्याबाई. त्या घरात पाऊल टाकायचा अवकाश, पलंगावरून आवाज यायचा, "आलीस?"

याचा आत्याबाईंना कोण ताठा. पोटच्या पोरीला विसरले, पण मला विसरायची छाती आहे का त्यांची, असं गल्लीभर सांगत फिरल्या. माझ्या हातचं खाल्लंय जन्मभर, म्हणाल्या, डोकं विसरेल, आतडं कसं विसरेल?

थंडीत आत्याबाईंना दम्याचा झटका आला. इस्त्रीवाली वर आली तेव्हा ओठ निळे पडले होते. दवाखान्यात नाकाला नळी लावली. डॉक्टरांनी लेकीला बाहेर घेऊन सांगितलं, छातीत आता काही शिल्लक नाही. पुढचा झटका घरात आला तर आई इथवर पोचेलच असं नाही. लेकीनं कुणाला न विचारता दोन्ही मांजरं, काजळी आणि गंजकी, टोपलीत घातली आणि शहराच्या दुसऱ्या टोकाला आपल्या घरी नेली. तिच्याकडे मागे अंगण होतं. परत येऊन तिनं पडदे धुतले, गाद्या बडवल्या, कपाटामागचं सगळं झाडून काढलं. निघालेल्या केसांत तिसरं मांजर झालं असतं.

आत्याबाई घरी आल्या आणि त्यांना श्वास आला. लहानपणी यायचा तसा, न मागता. जिना चढल्या तरी छाती गप्प. नाकाला वास कळायला लागले. नवऱ्याच्या सदऱ्याला लोखंडाचा आणि तेलाचा वास येतो, हे या वयात कळलं, आणि कुणी बघत नसताना त्या थोड्या लाजल्या.

पण पलंगावरून आवाज आला नव्हता.

"किल्ली उद्या मिळेल," किल्लीवाले त्यांना म्हणाले.

आत्याबाईंना आधी थट्टा वाटली. मग वाटलं, आपण दवाखान्यात राहून आलो म्हणून विसर पडला असेल, होईल सुरळीत. मऊ भात कालवून घास पुढे केला तर किल्लीवाले ओठ मिटून भिंतीला टेकले आणि परक्या बाईशी बोलावं तसे अदबीनं म्हणाले, घरची माणसं बाहेर गेली आहेत, आली की या. संध्याकाळीही तेच. पुढच्या दिवशीही तेच. पाणी स्वतः उठून पीत, पण आत्याबाईंच्या हातचा कण घेत नसत. त्यांच्यासमोर कपडे बदलायची लाज वाटे, म्हणून ओल्या चादरीवर तसेच बसून राहत. आत्याबाईंनी जबरदस्तीनं हात धरला तेव्हा ते लहान पोरासारखे ओरडले. गालफडं बसली. सदरा खुंटीला टांगल्यासारखा अंगावर लोंबू लागला.

एका दुपारी आत्याबाई कचरा टाकायला खाली गेल्या. वर येतात तो दार बंद. आतून कडी, कडीला कुलूप, आणि कुलूप किल्लीवाल्यांच्या हातचं, म्हणजे दुसऱ्या कुणाला उघडायची सोय नाही. आत्याबाईंनी दार बडवलं. शिव्या घातल्या. मग गोडीनं घेतलं. लग्नापासूनच्या खाणाखुणा सांगितल्या, त्यातल्या काही तर जिन्यात उभं राहून सांगायच्या नव्हेत. खाली इस्त्रीवालीची इस्त्री थांबली होती. आतून एकच उत्तर, मालकीण घरात नाही.

शेवटी लेक आली, कामावरून तडक. आई पायरीवर बसलेली बघून तिनं तिला पोटाशी धरलं. लेकीच्या स्वेटरला मांजरांचे केस चिकटलेले. आत्याबाईंच्या नाकात शिट्टी वाजली, तोंड उघडलं, आणि जिना दणाणला.

आत कुलूप कट् करून उघडलं. किल्लीवाले दारात आले. नजर दोघींच्या मधून कुठेतरी भिंतीवर होती, कान मात्र इकडे.

"आलीस?" ते म्हणाले. "होतीस कुठे? इथे एक बाई येऊन बसते गं. मी नाही खाल्लं तिच्या हातचं."

लेक रडायला लागली. आत्याबाई रडल्या नाहीत. त्यांना राग आला होता. जन्मभराचं रांधणं, आजारपणात उशाशी बसणं, हे तोंड, हे हात, गल्ली गाजवणारी ही जीभ, यातलं त्या माणसाच्या डोक्यात काही म्हणजे काही उरलं नव्हतं. उरली होती शिंक. आणि आपण उभ्या गल्लीला आतडं दाखवत फिरलो.

त्या दिवशी लेकीचा स्वेटर मांडीवर घेऊन, शिंकत शिंकत त्यांनी नवऱ्याला भरवलं. ते पोटभर जेवले. दोन दिवसांत स्वेटरचे केस गळून गेले आणि किल्लीवाले पुन्हा भिंतीला टेकले.

आत्याबाई हार मानणाऱ्यातल्या नव्हत्या. तपकिरीची डबी आणवली, दोन्ही नाकपुड्या भरल्या आणि पलंगाशी जाऊन शिंकल्या. डोळ्यांतून, नाकातून धारा लागल्या. किल्लीवाल्यांनी मान तिरकी करून शांतपणे ऐकून घेतलं.

"डुप्लिकेट आहे," ते म्हणाले. "घासलीय बरी. पण बसत नाही."

लेकीनं मग मनातलं बाहेर काढलं. बाबांना एखाद्या संस्थेत ठेवू, म्हणाली. तिथे सांभाळणारी माणसं असतात, नळीनं का होईना पण पोटात घालतात, आणि ओळखीचं कुणी नसलं तरी बाबांना आता काय फरक पडतो. तू मोकळा श्वास घे चार वर्षं. आत्याबाईंनी सगळं ऐकून घेतलं, मध्ये एक शब्द बोलल्या नाहीत. एवढ्यावरूनच लेकीनं ओळखायला हवं होतं.

"मांजरं आण," त्या म्हणाल्या.

"आई, डॉक्टर काय म्हणालेत? मरशील तू."

"मरेन. पण माझ्याच घरात येऊन बसणारी बाई म्हणून मरायची नाही."

"आणि तू गेल्यावर बाबांचं काय?"

"तेव्हा ठेव की तुला ठेवायचं तिथे. त्यांना काही कळायचं नाही. मला आत्ता कळतंय."

लेकीनं टोपली आणली, उंबऱ्याबाहेर ठेवली आणि आत न येता निघून गेली. तिचंही बरोबर होतं. आईला विष आणून द्यायचं आणि वर पाणी प्यायला थांबायचं, हे कुणाला जमेल?

किल्लीवाले जेवू लागले. अंग पुसू देऊ लागले. गंजके, सांग तिला, मीठ कमी पडलंय, असं ऐकू येऊ लागलं. आत्याबाईंचा श्वास आखूड होत गेला, तशी उत्तरंही आखूड झाली. पूर्वी एका उत्तरात सात पिढ्या बसायच्या, आता आजेसासऱ्यापर्यंत पोचायच्या आत दम संपे. पुढे पुढे तर नुसतं हो, नाही. जिना उतरणं बंद झालं. इस्त्रीवाली सामान वर आणून द्यायची आणि तब्येत कशी आहे विचारायची. त्यांना विचार, आत्याबाई म्हणायच्या, ते ऐकतात दिवसभर. आणि हे सांगताना पुन्हा तोच ताठा. पंप त्या सतत कमरेला खोचून ठेवत. पाठ टेकायच्या तेव्हा तेवढा उशाशी काढून ठेवत.

एका दुपारी आत्याबाई पाठ टेकून उठल्या आणि भात उतरवायला आत गेल्या. पातेलं खाली ठेवता ठेवता छाती आवळली. शिंक आली, मग दुसरी आली, मग श्वास आतच येईना. हात कमरेला गेला. पंप नव्हता.

दाराच्या चौकटीला धरून त्यांनी बाहेर पाहिलं. किल्लीवाले पलंगावर मांडी घालून बसले होते. समोर फडकं पसरलेलं, त्यावर पंप उघडून ठेवलेला, टोपण वेगळं, नळकांडं वेगळं. नळकांडं कानाशी धरून ते दाबत होते, आणि त्यातून आता काहीच येत नव्हतं. काजळी शेजारी बसून बघत होती.

"आधी फुसफुसत होतं," ते तिला सांगत होते. "आतलं सगळं काढलं. आता गप आहे. छान झालंय."

आत्याबाई चौकटीला घसरत खाली बसल्या. छातीतला आवाज घरभर झाला.

"आहे, आहे," किल्लीवाले काजळीला म्हणाले. "घरातच आहे ती."

आणि कानस घेऊन नळकांड्याची कड घासायला लागले, मन लावून, पूर्वी गाळ्यात घासायचे तसे. खिडकी हाताच्या अंतरावर होती, खाली इस्त्रीवाली होती. आत्याबाईंनी हाक मारायला तोंड उघडलं. सूं सूं तेवढी निघाली, तीही बारीक होत चालली.

कानस थांबली. किल्लीवाल्यांनी मान तिरकी केली.

"काजळे," ते म्हणाले, "बघ गं, कुठे गेली ती?"

आत्याबाईंपाशी उत्तर होतं, चांगलं सात पिढ्यांचं. काजळी पलंगावरून उतरली, शेपटी वर करून आली, त्यांच्या मांडीवर चढली आणि तोंडाकडे बघत निरोपाची वाट पाहत बसली.