अकरा वेळा छबूबाई

मी एक फाइल बोलतेय. निळी, जाडजूड, दोन कड्यांची. पाठीवरच्या पट्टीवर माझं नाव आहे, 'कार्यपद्धती'. फाइलला बोलण्यासारखं काय असतं, असं तुम्हाला वाटेल. अहो, आमच्या चाकणच्या कारखान्यात यंदा जे घडलं ते माझ्याच पोटात घडलं. ते सांगितल्याशिवाय माझ्या कड्या मिटायच्या नाहीत.

कारखाना छोटा आहे. गाड्यांच्या सांध्यांत हादरे सोसायला बसवतात ते रबरी बुश, म्हणजे पोकळ गोल तुकडे, तिथे बनतात. चार प्रेस, तेवीस माणसं आणि मालक जयदीपशेठ. मोठ्या कंपनीला माल द्यायचा तर आपलं काम कसं चालतं ते लिहून ठेवावं लागतं, म्हणून शेठनी मला आणलं. पण लिहिणार कोण? भोसरीतल्या एका मित्राच्या फाइलमधली आयती पानं त्यांनी मागून घेतली, कंपनीचं नाव बदललं आणि माझ्यात भरली. मग माझी जागा काचेच्या कपाटात, गणपतीच्या फोटोशेजारी. वर्षातून एकदा, तपासणीच्या दिवशी, फडक्यानं पुसून मला बाहेर काढायचे. काय थाट होता माझा!

चार वर्षं मला कोणी वाचलं नाही. पाचव्या वर्षी मोठ्या कंपनीकडून तनुजा मॅडम आल्या आणि त्यांनी चक्क मला वाचायला घेतलं. सातव्या पानावर लिहिलं होतं, 'रंग वाळेपर्यंत डबा उलटा करू नये.' मॅडमनी विचारलं, रंग कुठे आहे? रंग कुठेच नव्हता, मित्राचा कारखाना रंगाचा होता. शेठ कानकोंडे झाले आणि मला इतकं हसू फुटलं की एक कडी सुटली. मॅडमनी महिन्याची मुदत दिली. खरं लिहा, नाहीतर नवीन ऑर्डर विसरा.

त्याच आठवड्यात शेठनी छबूबाईंना महिनाअखेरीपासून येऊ नका म्हणून सांगितलं. छबूबाई निघोज्याच्या. बुशच्या कडेला आलेलं जास्तीचं रबर ब्लेडनं छाटायचं, हे त्यांचं एकोणीस वर्षांचं काम. आता छाटणीचं मशीन येणार होतं. त्यांना मुळीच जायचं नव्हतं. डबा खाताना त्या एवढंच म्हणाल्या, "घरी बसले तर मला इचारनार कोन? हितं धा जन इचारत्यात." ते ऐकून माझा पुठ्ठासुद्धा मऊ पडला.

लिहायचं काम वर्षालीकडे आलं. ती पुनावळ्याहून स्कूटीवर यायची, ऑफिसात नवीन होती आणि सांगितलेलं काम शब्दशः करायची. जो जे करतो ते जसंच्या तसं लिही, असं शेठनी सांगितलं. तिनं मला काखोटीला मारलं आणि मी जन्मात पहिल्यांदा कपाट सोडून मशीनपाशी गेले. तो खडखडाट, तो तापलेल्या रबराचा वास! मी हरखूनच गेले.

प्रेसवरच्या ज्योतीरामनं सांगितलं, तापमान एकशे साठ, वेळ सहा मिनिटं, मग साचा उघडून पहिला बुश छबूबाईंना दाखवायचा, त्या 'हं' म्हणाल्या की पुढचा माल. वर्षालीनं लिहिलं. स्टोअरमधला म्हणाला, नवीन रबर आलं की तुकडा कापून छबूबाईंच्या हातात द्यायचा. पॅकिंगवाला म्हणाला, खोका बंद करण्याआधी छबूबाईंना विचारायचं. शेवटी तिनं शेठना विचारलं, ग्राहकाची तक्रार आली तर तुम्ही काय करता? फोनवर बोलता बोलता शेठ म्हणाले, छबूबाईंना बोलावतो. तिनं तेही लिहिलं. न वाचता शेठनी खाली सही ठोकली.

महिना संपायला चार दिवस असताना मॅडम आल्या. त्या वाचत गेल्या, जिथे छबूबाईंचं नाव दिसेल तिथे पेन्सिलीनं खुणा करत गेल्या. माझ्या तर अंगभर गुदगुल्या. अकरा खुणा झाल्यावर त्यांनी विचारलं, "या छबूबाई रजेवर गेल्या तर?"

"मग फोन लावतो की मॅडम," ज्योतीराम म्हणाला.

मॅडम म्हणाल्या, माणसाचं नाव म्हणजे पद्धत नव्हे, त्या काय करतात ते लिहा. रबराचा कडकपणा मोजायचं मीटर कारखान्यात होतं, पण बुशच्या आतल्या गोलाईत ते टेकत नव्हतं.

शेठनी छबूबाईंना खुर्ची दिली, चहा मागवला. छबूबाईंनी बशीतला चहा संपवला. मग म्हणाल्या, "समदं सांगितलं की मी मोकळी. व्हय ना, शेठ?" शेठ त्यांच्या बशीत आणखी चहा ओतू लागले. मला त्या क्षणी पान मिटून घ्यावंसं वाटलं.

पण छबूबाईंनी सांगितलं, काही हातचं न राखता. बुश कोमट झाला की अंगठ्यानं आत दाबायचा. लगेच फुगून वर आला तर पक्का. आळसावून आला तर कच्चा. वर्षालीनं ते स्वच्छ अक्षरात लिहिलं आणि मॅडम म्हणाल्या, आता वाचून करून दाखवा.

मग जी धमाल उडाली! सगळा कारखाना बुश दाबत उभा. ज्योतीरामनं पक्का बुश फेकून दिला, स्टोअरवाल्याला सगळेच आळशी वाटले, आणि शेठनी छातीठोकपणे पास केलेला बुश इतका कच्चा होता की त्यावर त्यांच्या नखाची खूण राहिली. छबूबाई तोंडात पदर धरून हसत होत्या, हसता हसता डोळे पुसत होत्या. मॅडमही हसल्या. शेठनी पेन मागितलं आणि स्वतःच्या अक्षरात शेवटची ओळ लिहिली: 'दाबायला छबूबाई शिकवतील. अंगठा तयार झाला की नाही, हे त्या ठरवतील.'

मशीन आलं, छाटणी तेच करतं. छबूबाई आता तपासणीच्या टेबलाशी बसतात आणि मी त्यांच्या शेजारी, खिळ्याला सुतळीनं टांगलेली. माझ्या पानांवर तेलाचे डाग आहेत, चहाचे गोल आहेत, एक कोपरा फाटलाय. मी भलतीच खूश आहे. तुमच्याकडेही माझी कोणी बहीण काचेत बंद असेल, तर तिला बाहेर काढा हो, आणि काम करणाऱ्या हातांशेजारी बसून लिहा.

आतापर्यंत दोन अंगठे पास झालेत, ज्योतीरामचा आणि वर्षालीचा. शेठ दर सोमवारी येतात, बाह्या सारून बुश दाबतात आणि पोरासारखे छबूबाईंच्या तोंडाकडे बघतात.

"न्हाई शेठ," त्या म्हणतात, "अजून कच्चा हाय."