गुडघ्यापाशी थांबलेली चड्डी

‘घाल पाय बोगद्यात, काढ गाडी बाहेर…’ — डोंगरगडच्या रेल्वे क्वार्टरमधला आईचा आवाज, किती जुना, आणि समोर ही लेकाची, प्रशिकची निळी चड्डी, गुडघ्यांपाशी गोळा होऊन थांबलेली, इलॅस्टिकमधून एक धागा सुटलेला. आईनं कपडे घालायला कधी शिकवलं, मी कधी शिकले, कुणालाच कळलं नाही, साक्षीला वाटलं. भरल्या घरात ऊन येतं तसं आलं असेल… इथे मात्र एकेक तिरीप हात जोडून मागायची.

समता कॉलनीच्या थेरपी सेंटरमधल्या शर्मिष्ठादीदी म्हणाल्या होत्या, “बाकी सब आप कीजिए, आख़िरी खिंचाव बस उसके लिए छोड़िए.” म्हणून ती चड्डी गुडघ्यांपर्यंत चढवते आणि हात मागे घेऊन बसते. तीन वर्षांचा प्रशिक पंख्याकडे पाहत बोटांनी हवेत काहीतरी विणत राहतो. आज मात्र त्याचा अंगठा इलॅस्टिकवर आला. आला, आणि तिथेच राहिला. ओढ राजा — माझ्यासाठी नको, तुझ्यासाठी…

“काहून पाहून राहिली वं? लेकरू उघडं उभं, अन् तू पाहुणीसारखी बसली!” सासूबाई, अंजनाबाई, ओले हात पदराला पुसत आल्या आणि खसकन चड्डी वर ओढली. “झालं! माझ्या साहेबाले छळू नका कोणी.”

रोज असंच. मायेनंच. नातू जरा उशिरा बोलेल, एवढंच त्यांना सांगितलेलं. डॉक्टरांचा शब्द तिनं आणि नवऱ्यानं, शिशिरनं, दोघांतच ठेवला. नातलगांत बोभाटा होईल, असं ती शिशिरला म्हणाली होती — पण ते खरं नव्हतं. खरं तर अंजनाबाई त्याचा गाल कुस्करत ‘साहेब’ म्हणतात, तेव्हा त्यांच्या डोळ्यांत कसलीच चाचपणी नसते. शिशिर पाहतो तो भीतभीत, आणि मी… मी तर झोपेतही त्याला तपासत असते. ती एक नजर तरी त्याच्यासाठी राहू दे, म्हणून गप्प. आणि त्या नजरेपायी त्याचं शिकणं रोज अर्ध्यावर.

तिनं चड्डी पुन्हा गुडघ्यांपर्यंत खाली आणली.

“अवं, डोकं फिरलं का तुझं?”

सासूबाईंचा पुढे आलेला हात साक्षीनं धरला. तो थंड होता, तांदळाच्या धुवणाचा वास येणारा. सोडवेना.

“आई, त्याले ऑटिझम आहे. डॉक्टरनं कधीचंच सांगितलं. तुम्ही ओढून देता, तो शिकत नाही. मी लपवलं… काहून की या घरात तुम्हीच त्याले न भिता पाहता. मले नाही जमत.”